द्राक्षे महाग आहेत, म्हणून ती फायद्याची आहेत काय?



गळिताचा हंगाम ऐन भरात आहे, काट्यावर रात्रंदिवस गाड्यांची रांग आहे, आणि अशा वेळी ऊस विकास खात्याने द्राक्षावर लेख लिहावा हे काही मंडळींना चमत्कारिक वाटेल. पण कारणच तसे घडले आहे. यंदा गट ऑफिसात सुरू लागणीच्या बेण्याची चौकशी करायला येणारे सभासद निघता निघता दारात थांबतात आणि हळूच विचारतात, "साहेब, ते कागदाखालचे द्राक्ष कसं काय असतंय?" एकाने विचारले, दोघांनी विचारले. मग एक तरुण सभासद थेट द्राक्षे घेऊनच आला, आणि त्या दिवशी आम्ही ठरवले की यावर एकदा सगळ्यांशीच बोलावे.

हा तरुण म्हणजे आपल्या एका जुन्या सभासदाचा मुलगा. शेअर वडिलांच्या नावावर, कारभार याच्याकडे. सिंदफणेच्या अंगाला चार एकर ऊस. तो कारखान्याचा बेबाकी दाखला मागायला आला होता. टेबलावर त्याने कागदी पुडी उघडली. लांबट, हिरवेपिवळे, एकसारखे मणी. आम्हालाही घ्यायला लावले.

"खाऊन बघा साहेब. आपल्याच भागातले हायेत. कागदाखालचे. एकशेचाळीस रुपये किलो घेतले रस्त्यावर."

"आणि शेजारच्या गाड्यावरचे?"

"ते सोलापूरकडचे. सत्तर-ऐंशी. पण हे बघा की, दुप्पट पैसे देऊन लोक नेतेत." मग त्याने खिशातून चिठ्ठी काढली. "एकरी दहा टन निघतेत म्हणं. दहा हजार किलो गुणिले एकशेचाळीस. चौदा लाख. दोन एकर ऊस मोडतो आन् कागद टाकतो. तुमचा ऊस एकरी काय देतो ते तुम्हीच सांगा."

गुणाकार बरोबर होता. चौदा लाखच येतात.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो. आम्ही ऊसवाले. आमचा पगार उसावर, आमच्या बढतीचा विचार होतो तो नोंदीच्या क्षेत्रावर. तेव्हा आमच्या बोलण्यात उसाची बाजू थोडी जास्त येणार, हे धरूनच हा लेख वाचावा. आम्ही कृषी पदविकेला असताना बागाईत फळझाडांचा विषय आवडीने केला होता आणि आमच्या मामांची अर्धा एकर द्राक्षबाग होती, एवढाच आमचा द्राक्षाशी संबंध. त्या बागेची गोष्ट पुढे येईल.

प्रथम हे 'कागदाखालचे द्राक्ष' म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ढोबळी मिरचीचे पॉलिहाऊस येते. ते नव्हे. इथे द्राक्षाचा मांडव किंवा वाय आकाराचा आधार नेहमीसारखाच असतो, आणि त्याच्या वर पाइपच्या कमानी उभ्या करून अतिनील किरणांना टिकणारा प्लास्टिक कागद ताणलेला असतो. बाजू बहुधा उघड्याच. पाऊस घडावर पडू नये एवढाच त्याचा मूळ हेतू. फुलोऱ्यात पाऊस झाला की घड कुजतात, गळतात. मणी भरल्यावर झाला की मणी तडकतात. आणि पान ओले राहिले की डाऊनीचा रोग येतो. इटली, स्पेनकडे अशी आच्छादने जुनी आहेत. आपल्याकडे अवकाळी पावसाने वारंवार हात दाखवल्यावर नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदारांनी ती घेतली. २०२३ साली राज्य शासनाने निवडक द्राक्ष जिल्ह्यांसाठी अनुदानाची योजना काढली तेव्हा एकरी सुमारे ४ लाख ८० हजार रुपयांचा खर्च गृहीत धरला होता व त्याच्या निम्मे अनुदान ठेवले होते. आपल्या तालुक्याला ते लागू आहे की नाही हे कृषी सहायकाकडे विचारूनच पुढे जावे. आणि अनुदान म्हटले तरी आधी पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून उभारणी, मग तपासणी, आणि त्यानंतर खात्यावर पैसे.

आता एकशेचाळीसचा भाव. हा भाव कधीचा? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला. नाशिक, सांगली, सोलापूरचा मुख्य माल फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात लोटतो. त्याच्या आधी जो माल येतो त्याला भाव चढा असतो. नाशिक जिल्ह्यात बागलाणचे शेतकरी याच भावासाठी भर पावसाळ्यात छाटणी घेतात आणि पावसाचा जुगार खेळतात. कागद असला म्हणजे तो जुगार कमी धोक्याचा होतो. म्हणजे त्या पुडीतल्या द्राक्षाला जो जादा भाव मिळाला त्यातला मोठा वाटा 'आपल्या भागातले' म्हणून नव्हता, तो लवकर आल्याबद्दल होता. तोच मांडव फेब्रुवारीत तोडणीला आला असता तर गाडेवाल्याने सोलापूरच्या मालाशेजारी ठेवून त्याच भावाने मागितला असता. वर्षातले दोन-तीन आठवडे मिळणारा भाव सबंध दहा टनाला लावायचा, ही त्या चिठ्ठीतली पहिली खोट.

दुसरी खोट अशी की चिठ्ठीवर गुणाकार होता, वजाबाकी नव्हती. आम्ही त्याला चहा पाजला आणि म्हटले, बैस, आता उलट्या बाजूने मांडू. खाली जे आकडे देतो ते आमच्या अंदाजाचे आहेत. ज्याचे त्याने आपल्या शिवारातले आकडे घालून पाहावेत.

मांडवाचे लोखंड व तारा, डॉगरिजचे खुंट लावणे, त्यावर कलम बांधणे, ठिबक, आणि पीक हाती येईपर्यंत दोन वर्षांचा सांभाळ, मिळून एकरी सहा लाख धरले. ही दोन वर्षे त्या जमिनीतून एक रुपया येत नाही, हे विसरू नये. बारा वर्षांवर वाटले तर दर साल पन्नास हजार. कागद व त्याचा सांगाडा ४ लाख ८० हजार. यात सांगाडा दहा वर्षे चालेल, पण कागद चार वर्षे टिकला तरी नशीब. आपल्याकडे एप्रिल-मेचे वादळी वारे कसे असतात ते पत्रे उडालेल्या माणसाला विचारावे. निम्मा पैसा कागदाचा व निम्मा सांगाड्याचा धरला तर वर्षाला चौऱ्याऐंशी हजार. छाटणी, फवारणी, खते, मजुरी असा चालू खर्च वर्षाला तीन लाख. आणि सगळे भांडवल कर्जाऊ असेल तर दहा लाख ऐंशी हजारांवर दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज एक लाख आठ हजार. बेरीज पाच लाख बेचाळीस हजार.

दहा टन माल निघाला तर किलोला चोपन्न रुपये पडतात. आता पोरगा जरा खूश झाला. म्हणाला, "म्हणजे मागं शहाऐंशी उरतेत की!"

आम्ही म्हटले, दहा टन कोण काढतो? पंधरा-वीस वर्षे बागेत घालवलेला माणूस काढतो. तू पहिल्या मालाला सहा टन काढलेस तरी आम्ही तुझा सत्कार करू. खर्च मात्र पाच लाख बेचाळीस हजारच राहतो. उत्पन्न कमी झाले म्हणून कागदवाला पैसे परत देत नाही. सहा टनाला भागले तर किलोला नव्वद रुपये. निम्मे अनुदान मिळाले असे धरले तरी एकोणऐंशीच्या खाली येत नाही. आणि हे बागेतल्या द्राक्षाचे झाले. त्यातले लहान मण्याचे, डाग पडलेले, कोवळे घड बाजूला काढायचे, राहिलेला माल क्रेटमध्ये भरायचा, बाजारात न्यायचा, गाडेवाल्याने त्यात आपली तूट आणि आपला दिवस धरायचा. मग पाटी लागते एकशेचाळीसची. ज्याने ते द्राक्ष पिकवले त्याच्या हातात त्यातले किती उरले असेल? आम्ही त्या बागायतदाराला ओळखत नाही, पण तो लुटतो असे जे कोणी गाड्यापुढे उभे राहून म्हणतात त्यांना आम्ही सांगू इच्छितो की बाबांनो, तसे नाही. तो कदाचित नुसता तोंडमिळवणी करत असेल.

सोलापूरचा माल सत्तर रुपयांत कसा परवडतो, मग? याचे उत्तर आमच्या मते आपल्या जिल्ह्याला चांगले समजण्यासारखे आहे. ते मजुरांत आहे.

द्राक्षाची गोडी छाटणी साधारण ऑक्टोबरात. छाटणी झाली की लगेच डोळ्यांना पेस्ट. मग फुटी निघाल्या की फेल काढणे, शेंडे मारणे, घडांची विरळणी, मणी लांबण्यासाठी जी.ए.च्या पाण्यात एकेक घड बुडवणे. हे काम यंत्राचे नाही आणि कोणाही रोजंदाराचे नाही. कोणता घड ठेवायचा, कोणता खुडायचा, घडात किती मणी राखायचे हे हाताला माहीत असावे लागते. आणि ते दिवसांच्या हिशेबात उरकावे लागते; डिपिंगचा दिवस चुकला तर मग ते करून उपयोग नाही. नाशिककडे सुरगाणा, पेठच्या डोंगरातून टोळ्या येतात, वर्षानुवर्षे त्याच बागांत काम करून त्यांचे हात तयार झालेले असतात.

आणि आपल्या बीड जिल्ह्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात काय होते? दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले कोयते गाड्या भरून निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक. गावेच्या गावे रिकामी होतात. घरी म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे राहतात. म्हणजे ज्या महिन्यांत द्राक्षाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कसबी हात लागतात, त्याच महिन्यांत आपला जिल्हा आपले हात बाहेर पाठवतो. मग द्राक्षाला मजूर आणायचा कुठून? बाहेरून. त्याचे जाणे-येणे, राहणे, किराणा, सगळे एका एकरावर. ज्या गावात शंभर एकर द्राक्ष आहे तिथे टोळी महिनाभर राहते आणि खर्च शंभर एकरांवर वाटला जातो. इथे एका एकरासाठी टोळी आली तर चार दिवसांत काम संपते, आणि भाडे पूर्ण पडते. (आपल्या तोडीच्या टोळ्यांचा अनुभव असलेल्यांना हे अधिक सांगायला नको.)

मजुराचे जे, तेच बाकी सगळ्याचे. आपल्या शिवारात द्राक्षाचे औषध मिळत नाही, मिळाले तर ते बरोबर आहे की नाही सांगणारा माणूस मिळत नाही. कागदाखाली डाऊनी कमी होतो हे खरे, पण भुरी वाढते, कारण तिला पाऊस लागत नाही, सावली आणि दमट हवा पुरते. उघड्या बागेची फवारणीची वही कागदाखाली जशीच्या तशी चालत नाही. शिवाय खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात काडीत पुढल्या वर्षीचे घड बनत असतात, त्या वेळी वेलीला भरपूर ऊन लागते. तेव्हा कागद गुंडाळून ठेवावा लागतो. ज्याने तसाच वर ठेवला त्याची बाग पुढल्या वर्षी नुसती पानांनी भरते. या गोष्टी पुस्तकात आहेत, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची माहिती आज मोबाईलवरही मिळते. पण रोग दिसल्या संध्याकाळी बांधावर येऊन पान उलटे करून पाहणारा शेजारी मोबाईलवर मिळत नाही.

आणि न खपलेल्या मालाचे काय? तासगाव, सांगली, पंढरपूरकडे भाव पडला तर माल शेडवर जातो, बेदाणा होतो आणि बेदाण्याचा बाजारही तिथेच आहे. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या पाठीला एक भिंत आहे. आपल्याकडे पाचशे किलो द्राक्ष राहिले तर ते जनावरांपुढे टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या मामांची गोष्ट सांगतो म्हटले होते. उघडी बाग, अर्धा एकर, आसपास दहा कोसांत दुसरी बाग नाही. एक साल चांगले गेले, त्यावर त्यांनी घराचा सोपा बांधला. दुसऱ्या साली बाहेरगावचा एक व्यापारी आला, भाव गोड बोलला, दोन गाड्या भरून माल नेला, थोडे पैसे हातावर ठेवले, आणि नंतर त्याचा फोन लागला नाही. द्राक्ष पट्ट्यात असे होत नाही असे नाही, होते. पण तिथे चार जण मिळून माणसाच्या मागे लागतात, त्याचे गाव कोणाला तरी माहीत असते. मामा एकटे होते. मग २०१४ च्या मार्चमध्ये मराठवाड्यावर जी गारपीट झाली तिने उरलीसुरली बाग झोडपली. कागद असता तर वाचली असती का, असे आम्हाला कोणी विचारते. हलक्या गारांतून वाचली असती. त्या वर्षीच्या गारांत कागदही गेला असता आणि मामांवर त्याचे कर्ज राहिले असते. आज तिथे ज्वारी असते. मामांनी त्यावर कधी तक्रार केली नाही, पण द्राक्ष विकत घेऊन मात्र खाल्ले नाही.

म्हणून मराठवाड्यात द्राक्ष होतच नाही असा अर्थ कोणी काढू नये. जालना जिल्ह्यातले कडवंची गाव पाहून यावे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने तिथे पाणलोटाचे काम केले, शिवारात पाणी मुरले, शेतकऱ्यांनी शेततळी केली, आणि त्यानंतर गावच्या गाव द्राक्षात गेले. पाऊस आपल्यासारखाच, जमीन हलकी. पण तिथे एका माणसाने बाग केली नाही, गावाने केली. व्यापारी गावात येतो, औषधवाला गावात येतो, छाटणीची टोळी गावात राहते. तेच द्राक्ष, तेच लोखंड, तोच मांडव. किलोमागचा खर्च मात्र वेगळा. महाराष्ट्रात १९९१ साली महाग्रेप ही संस्था निघाली ती द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊनच. परदेशी माल पाठवायचा तर पूर्वशीतकरण, शीतगृह, प्रतवारी एकट्याला परवडत नाही हे त्यांना कळले होते. आणि आपल्याला हे कोणी शिकवायला नको. ऊस हे काही एकट्याचे पीक होते काय? १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि मग उसाला ठिकाण मिळाले. कारखाना नसता तर तुमचा चार एकर ऊस रसवंतीवाल्याला किती पुरला असता?

थोडे दूरचे उदाहरण देतो. बेल्जियममध्ये ब्रुसेल्स शहराजवळ हुइलार्ट नावाचे गाव आहे. थंड मुलूख, उघड्यावर तिथे खाण्याचे द्राक्ष पिकणे कठीण. १८६५ साली फेलिक्स सोही नावाच्या माणसाने तिथे द्राक्षासाठी पहिले काचघर बांधले. ते जमले, बघून शेजाऱ्यांनी बांधले, आणि पुढे त्या परिसरात तीस हजारांवर काचघरे झाली. कोळशाच्या भट्ट्यांनी पाणी तापवून आत ऊब ठेवायची आणि राजेमहाराजांच्या टेबलावर बिनहंगामी द्राक्ष जायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेकडच्या उन्हाच्या देशांतले स्वस्त द्राक्ष गाड्या भरभरून यायला लागले, इंधन व मजुरी महागली, आणि काचघरे एकामागून एक पडली. आज तिथे बोटावर मोजण्याइतके लोक ते द्राक्ष करतात. ते महागच असते, आणि आवडीने घेणारेही थोडेच. इटलीचे ऊन फुकट होते, बेल्जियमचा कोळसा विकतचा. आपल्या गाड्यावर सोलापूरची टोळी आणि आपली टोळी यांचे तेच चालले आहे.

आणि मोबाईलवर फिरणारे ते जपानचे चित्र. त्या पोरानेही दाखवले. रुबी रोमन नावाचे लाल द्राक्ष, इशिकावा प्रांतातले, एक मणी निदान वीस ग्रॅमचा. २०२० साली त्याचा एक घड तेरा लाख येनला गेला. खरे आहे. पण तो हंगामातला पहिला लिलाव होता. तिथे घेणारा जाहिरातीसाठी बोली लावतो, आपल्याकडे पहिल्या आंब्याच्या पेटीला लावतात तशी. त्यावरून बागेचा हिशेब करू नये.

आता उसाबद्दल. सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. एकरी चाळीस टन धरला तर एक लाख बेचाळीस हजार, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. चौदा लाखांपुढे हा आकडा केविलवाणा दिसतो, आम्हाला मान्य आहे. पण हा भाव गळीत सुरू होण्याआधी ठरतो, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे आणि ते पाळले नाही तर शेतकऱ्याला दाद मागायला जागा आहे. द्राक्षाला असा कायदा नाही. भाव त्या सकाळी ठरतो.

उसाचे दोष झाकावेत असे मात्र आमचे मत नाही. तो पाणी फार पितो. ठिबकवर घेतलेली द्राक्षबाग उसाच्या मानाने पुष्कळ कमी पाण्यात निघते. ज्यांनी २०१२, २०१५, २०१८ ही साले पाहिली, ज्यांचा उभा ऊस छावणीच्या जनावरांनी खाल्ला, त्यांना आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे की ऊसच लावा? माजलगावच्या धरणात पाणी असले की आपण सगळे उसावर तुटून पडतो, आणि नसले की एकमेकांची तोंडे बघतो. आमच्या खात्याने गेल्या कित्येक वर्षांत क्षेत्र वाढवण्यावर जेवढा जोर दिला तेवढा पाण्याच्या मोजमापावर दिला नाही. हे आम्ही आमच्याच खात्याबद्दल लिहीत आहोत. तेव्हा चार एकरांतला एखादा एकर दुसऱ्या पिकाकडे न्यावा असे कोणाला वाटले तर त्यात आम्हाला कारखान्याशी गद्दारी दिसत नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. तो पोरगा मोडायला निघाला होता ती दोन एकर जमीन नदीच्या अंगाची, काळी, खोल. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत तिथे पाणी किती दिवस साचून होते ते त्यानेच आम्हाला सांगितले होते. उसाने ते कसेबसे सोसले. द्राक्षाची मुळे पाण्यात गुदमरतात. वर कागद असून काय करायचे? आणि विहिरीच्या पाण्यात क्षार किती, हे त्याने तपासले नव्हते. डॉगरिज खुंट खारे पाणी काही प्रमाणात सोसतो, पण किती खारे हे आधी कळायला हवे. त्याच्याच वरच्या अंगाला वीस गुंठे मुरमाड तुकडा पडून आहे. तो त्याच्या डोक्यातच नव्हता, कारण तिथे ऊस येत नाही म्हणून ती जमीन वाईट, असे घरात ठरलेले.

आम्ही त्याला तीन गोष्टी विचारल्या. तुझ्या गावात आणखी कोण द्राक्ष करणार आहे? ऑक्टोबरात तुझ्याकडे छाटायला कोण येणार? आणि फेब्रुवारीत भाव पन्नासवर आला तर हप्ता कशातून भरणार? पहिल्या दोहोंना तो गप्प राहिला. तिसऱ्याला म्हणाला, "उरलेल्या दोन एकर उसातून." हे उत्तर मात्र प्रामाणिक होते.

बेबाकी दाखला आम्ही त्याला त्याच दिवशी दिला. तो अडवण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि असता तरी अडवला नसता. पण कर्जाचा कागद त्याने अजून पुढे केलेला नाही असे कळते. गावातले आणखी तिघे जण तयार झाले असून पुढल्या महिन्यात चौघे मिळून कडवंचीला जाऊन येणार आहेत. आपल्या आणखी कोणा सभासदाला जायचे असेल तर गट ऑफिसात नाव द्यावे. जीपमध्ये तीन जागा आहेत. वरच्या वीस गुंठ्यांतली माती आणि विहिरीचे पाणी तपासायला दिले आहे, अहवाल यायचा आहे. दरम्यान त्याचा ऊस डिसेंबरात तुटला, पाचट अजून सरीत तशीच पडली आहे आणि खोडव्याला खताचा पहिला हप्ताही गेलेला नाही. तो आधी देऊन टाक, असे आम्ही त्याला कालच काट्यावर भेटला तेव्हा सांगितले.

आपला,
ऊस विकास अधिकारी